चारही अक्षरं जुळली, पण गप्पा जुळेनात

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांची, मूळची सांगलीची. सीए आहे, पुण्यात एका ऑडिट फर्ममध्ये काम करते. घरचे दीड वर्षापासून स्थळं बघताहेत. सध्या दोन स्थळं समोर आहेत आणि मी पुरती गोंधळले आहे.

पहिला मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझ्यासारखाच शांत, वक्तशीर, गर्दी नको असणारा. पत्रिकेत २६ गुण जुळले. दादाने आम्हा दोघांना मोबाइलवर ती सोळा प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट भरायला लावली, तर चारही अक्षरं सारखी आली. घरी सगळे खूश. पोहे झाल्यावर आम्हाला गच्चीवर पाठवलं. आम्ही एकमेकांचे छंद विचारले, ट्रेकिंग दोघांनाही आवडतं हे कळलं, आणि मग पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिलो. मुलगा खरंच चांगला आहे. त्यांच्याकडून होकार आलाय. मला मात्र काही म्हणजे काहीच वाटलं नाही.

दुसरा नाशिकचा, ठिबक सिंचनाच्या कंपनीत विक्री विभागात. महिन्यातले निम्मे दिवस फिरती. अखंड बोलतो. पत्रिकेत १९ गुण, माझा देवगण, त्याचा राक्षसगण. टेस्टमधलं एकच अक्षर जुळलं. आम्ही पुण्यात एका उडुपी हॉटेलात भेटलो. वीस मिनिटं उशिरा आला, आल्या आल्या माफी मागितली. वेटरने उत्तप्प्याऐवजी मसाला डोसा आणून ठेवला, तर ‘असू दे, हाही चालेल’ म्हणून तोच खाल्ला. ट्रेकिंगचा कंटाळा येतो हे तोंडावर सांगितलं. पैशांचा हिशेब ठेवणं जमत नाही, हेही सांगितलं. पण दोन तास कसे गेले कळलं नाही. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी किती घाबरले होते, हे मी रूममेटलाही कधी बोलले नव्हते, ते त्याला सांगून बसले. घरी येताना वाटत होतं, हा तर अगदी माझ्यासारखा आहे! कागदावर बघितलं तर माझ्यासारखं त्याच्यात काहीच नाही.

दादा म्हणतो, ‘सेल्सवाला आहे, बोलबच्चन. स्वभावच जुळत नसतील तर संसार कसा होणार?’ मैत्रीण म्हणते, विरुद्ध स्वभावाचीच माणसं एकमेकांकडे ओढली जातात. तो दिसायला छान आहे, हेही मी नाकारत नाही. भीती एकच वाटते. आज त्याचं बोलणं आवडतंय, दोन वर्षांनी तेच डोक्यात गेलं तर? पहिल्याला नाही म्हणायला कारण सापडत नाही आणि दुसऱ्याला हो म्हणायचा धीर होत नाही. काय करू?

– अबोली (नाव बदललं आहे)

प्रिय अबोली,

‘काहीच वाटलं नाही’ हे कारण पुरेसं आहे. चांगल्या मुलाला नाही म्हणताना आपल्याकडे मुलीला फार अपराधी वाटायला लावतात. त्याच्यात काहीतरी खोट काढून दाखवल्याशिवाय नकार द्यायचा तिला हक्कच नाही, अशी घराघरांतली समजूत आहे. तुला त्याच्यात खोट काढायची गरज नाही. तो चांगला आहे आणि तुला त्याच्याशी लग्न करावंसं वाटत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. हे आधी मनात पक्कं कर, म्हणजे पुढचं वाचताना ‘कोणाला डावलतेय’ याचं ओझं राहणार नाही.

आता स्वभाव जुळण्याबद्दल. गुरुजींनी गुण जुळवले, दादाने अक्षरं जुळवली. दोघांचाही विश्वास एकाच गोष्टीवर आहे: दोन माणसांचे स्वभाव आधी मोजायचे, मापं शेजारी शेजारी ठेवायची, की त्यांचं जमेल की नाही ते कळतं. गुणमेलनात ३६ पैकी ६ गुण गणाचे असतात आणि गण ही परंपरेने स्वभावाचीच वाटणी आहे. देव आणि राक्षस आल्यामुळे तुमचे तिथले जवळजवळ सगळे गुण गेले असणार. दादाची टेस्ट मोबाइलवर आहे म्हणून ती जास्त शास्त्रशुद्ध वाटते, पण चार अक्षरांची ही पद्धत ज्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीवरून आली, ती इझाबेल ब्रिग्ज मायर्स आणि त्यांच्या आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर पुष्कळ जणांचं एखादं अक्षर बदलतं. म्हणजे महिन्याभराने भरली असती तर कदाचित तुमची चारच्या ऐवजी तीन अक्षरं जुळली असती, आणि घरातला आनंद तेवढ्याने कमी झाला असता. इतक्या मोठ्या निर्णयाला हा आधार फार तोकडा आहे.

पण समज, चाचणी उत्तम आहे. संशोधक वापरतात ती पाच गुणांची मोजणी घेऊ: माणूस किती मनमोकळा मिसळतो, किती समजून घेतो, किती शिस्तीचा आहे, मन किती लवकर अस्वस्थ होतं, आणि नव्याची त्याला किती ओढ आहे. एवढं काटेकोर मोजूनसुद्धा पहिल्या भेटीत कोणाला कोण आवडेल हे सांगता येत नाही. हे तपासून पाहिलेलं आहे, आणि कसं ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्या कोड्याचं उत्तर त्यात आहे.

अमेरिकेत डॉन बर्न नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९६१ साली त्यांनी विद्यार्थ्यांची २६ विषयांवरची मतं विचारून घेतली. काही दिवसांनी त्या विद्यार्थ्यांच्या हातात ‘दुसऱ्या एका विद्यार्थ्याने भरलेला’ फॉर्म दिला. तो दुसरा विद्यार्थी अस्तित्वातच नव्हता. फॉर्म संशोधकांनीच भरला होता, काहींना स्वतःशी जुळणारा, काहींना उलटा. ज्यांना जुळणारा फॉर्म मिळाला त्यांना तो न पाहिलेला माणूस आवडला, हुशार वाटला, सज्जनही वाटला. पुढे हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं गेलं आणि दर वेळी तेच दिसलं. आपल्यासारखा माणूस कागदावर आवडतोच.

आता हे आपल्याकडच्या बायोडेटाशी ताडून बघ. बायोडेटा वाचताना समोर माणूस नसतो, फक्त फॉर्म असतो. पहिल्या मुलाचा फॉर्म वाचून तुला तो आवडला, घरच्यांनाही आवडला, आणि त्यात कोणाचंच चुकलं नाही. पण गच्चीवर फॉर्म आला नव्हता, माणूस आला होता.

२००८ मध्ये मॅथ्यू मोंटोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे ३१३ अभ्यास एकत्र करून पाहिले. एकमेकांना न भेटता केलेल्या प्रयोगांत सारखेपणाचा प्रभाव मोठा दिसला. थोडा वेळ भेट झाली की तो उतरला. आधीपासून एकत्र असलेल्या माणसांमध्ये खरोखरच्या सारखेपणाचा प्रभाव दखल घेण्याजोगा उरलाच नाही. ‘आपण सारखे आहोत’ असं वाटणं मात्र तिथेही आवडण्याशी जोडलेलं राहिलं.

त्याहून नेमका अभ्यास तुझ्यासारख्याच परिस्थितीचा आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका ज्यू धर्मगुरूंनी आपल्या समाजातल्या मुलामुलींची लग्नं जमावीत म्हणून झटपट भेटींचा कार्यक्रम सुरू केला. एका संध्याकाळी प्रत्येकाने अनेकांना भेटायचं, काही मिनिटं बोलायचं, आणि कोणाला पुन्हा भेटायला आवडेल ते शेवटी लिहून द्यायचं. आपल्याकडचा वधूवर मेळावाच, फक्त आईवडील बरोबर नाहीत. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी असे कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी भरवले. प्रत्येक भेट चार मिनिटांची. आधी सगळ्यांकडून स्वभावाचे फॉर्म भरून घेतलेले होते. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: दोघांचे स्वभाव प्रत्यक्षात किती सारखे आहेत, याचा आवडण्याशी संबंध सापडला नाही. आपण सारखे आहोत असं ज्याला वाटलं, त्याला समोरचा आवडला होता.

याच मंडळींनी २०१७ मध्ये शंभराहून जास्त माहितीचे तुकडे संगणकाला दिले: स्वभाव, मूल्यं, आवडी, जोडीदाराकडून अपेक्षा. कोणाला साधारणपणे लोक आवडतात आणि कोण बऱ्याच जणांना आवडतो, हे संगणकाला थोडंफार सांगता आलं. नेमकी कोणाला कोणाबद्दल वेगळी ओढ वाटेल, हे त्याला अजिबात सांगता आलं नाही. मला हा निकाल फार दिलासा देणारा वाटतो. लग्नं जुळवणाऱ्या साइटवर टक्क्यांत ‘मॅच’ दाखवतात तेव्हा मुलंमुली निमूटपणे तो आकडा स्वतःच्या अनुभवापेक्षा खरा मानतात. तसं मानायला आधार नाही.

तेव्हा ‘हा माझ्यासारखा आहे’ असं तुला वाटलं आणि कागद उलटं सांगतो, यात विसंगती काहीच नाही. तुझं वाटणं खरं आहे, पण ते त्याच्या स्वभावाचं मोजमाप नाही. ते त्या दोन तासांचं मोजमाप आहे.

त्या दोन तासांत काय झालं, ते तुझ्याच पत्रात आहे. बाबांच्या आजारपणात तू किती घाबरली होतीस, हे तू त्याला सांगितलंस. जे जवळच्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी मुलाला. म्हणजे त्याने काहीतरी विचारलं असणार, तू जरा सांगितल्यावर विषय न बदलता आणखी विचारलं असणार, आणि ऐकताना मध्ये तोडलं नसणार. अखंड बोलणारा मुलगा त्या वेळी गप्प बसून ऐकत होता! तुझ्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तू ती ओझरती लिहून पुढे गेलीस. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की दोन अनोळखी माणसांना पाऊण तास एकमेकांना हळूहळू खोल जाणारे प्रश्न विचारायला लावले तर वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात खूप जास्त जवळीक येते. त्यातला एक भाग फारसा कोणी सांगत नाही. काही जोड्या त्यांनी मुद्दाम महत्त्वाच्या मतांवर जुळणाऱ्या घेतल्या होत्या. त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त जवळीक आली नाही. जवळीक बोलण्याच्या पद्धतीने आली.

उलट गच्चीवर बघ. तू शांत, तो शांत, दोघंही समोरच्याने सुरुवात करावी म्हणून थांबलेले. खाली दोन्ही घरची माणसं चहाचे कप घेऊन बसलेली आणि वर तुम्ही पंधरा-वीस मिनिटांत आयुष्याचा अंदाज घ्यायचा. सारखेपणाची तिथे मदत झाली नाही, अडचणच झाली. कदाचित तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो मोकळा झाला असता. मिशिगन विद्यापीठात थिओडोर न्यूकम यांनी १९५० च्या दशकात १७-१७ मुलांच्या दोन तुकड्यांना फुकट राहायला घर दिलं आणि त्यांची मैत्री कशी होते ते महिनोन्‌महिने पाहिलं. मतांचा सारखेपणा सुरुवातीला कामी आला नाही, पुढे हळूहळू ओळख झाल्यावर आला. तेव्हा पहिल्या मुलाला आणखी एकदा, घराबाहेर, तासदोन तास भेटावं असं तुला आतून वाटत असेल तर जरूर भेट. घरच्यांना बरं वाटावं म्हणून मात्र भेटू नकोस. त्याची आशा उगाच वाढेल.

मैत्रिणीचं म्हणणंही तसंच सोडून दे. विरुद्ध गरजांची माणसं एकमेकांना पूरक म्हणून जवळ येतात, हा सिद्धांत रॉबर्ट विंच यांनी १९५० च्या दशकात २५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून मांडला. नंतरच्या अभ्यासांत त्याला टिकाऊ आधार मिळाला नाही. नाशिकचा मुलगा तुला आवडला तो विरुद्ध आहे म्हणून नव्हे.

दिसण्याबद्दल तू प्रामाणिकपणे लिहिलंस, ते बरं केलंस. १९६६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या विद्यार्थ्यांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि सांगितलं की जोडीदार संगणकाने शोधून देऊ. खरं तर ३७६ जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावल्या होत्या. अट एकच पाळली, मुलगी मुलापेक्षा उंच नसावी. (ती अट आपल्याला किती ओळखीची आहे बघ.) मध्यंतरात प्रत्येकाला विचारलं, जोडीदार कसा वाटला? बुद्धी, स्वभाव यांपैकी कशाचाही फारसा संबंध लागला नाही. दिसण्याचा लागला. म्हणून स्वतःला एकदा विचारून बघ: तो दिसायला साधा असता तर ते दोन तास तसेच गेले असते का? मला वाटतं गेले असते, कारण पत्रात दिसण्याबद्दल तू एक वाक्य लिहिलंस आणि बोलण्याबद्दल सात-आठ. पण उत्तर तुझं तू दे.

आता दादाकडे येते. त्याची टेस्ट मी बाजूला सारली, पण त्याची काळजी सारणार नाही. समोरच्याला आपलंसं वाटायला लावणं हे विक्रीच्या कामातलं रोजचं कौशल्य आहे. शेतकऱ्याच्या बांधावर बसून पिकापाण्याची चौकशी करायची, त्याच्या सुरात सूर मिसळायचा, हे त्याला जमत असणारच. ‘आपण किती सारखे’ हे वाटणं पहिल्या भेटीत मुद्दाम तयारही करता येतं, आणि चांगल्या बोलणाऱ्यांना ते चांगलं जमतं. मग ओळखायचं कसं? जो तुझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो, त्याच्यापासून सावध राहा. नाशिकच्या मुलाने काय केलं? तुझा आवडता छंद आपल्याला कंटाळवाणा वाटतो असं तोंडावर सांगितलं. सीए मुलीसमोर बसून हिशेब जमत नाही असं सांगितलं. पसंती मिळवायला आलेला माणूस सहसा असं बोलत नाही. डोसा आपलासा करून खाल्ला, वेटरवर आवाज चढवला नाही, तेही तू बरोबर टिपलंस. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळवायचं नाही अशा माणसाशी तो कसा वागतो, हे पहिल्या भेटीत दिसलं तर त्याला मोल आहे. दादाला हे सगळं सविस्तर सांग. एकदा दोघांची भेटही घडवून आण. भावाला बाजूला ठेवून घेतलेला निर्णय तुलाच सलत राहील, आणि प्रश्न विचारायला भाऊ चांगला असतो.

तुझी भीती खरी आहे, तिला मी उडवून लावणार नाही. कॅलिफोर्नियातल्या समाजशास्त्रज्ञ डायेन फेल्मली यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, जोडीदाराचं काय आवडलं होतं आणि पुढे काय खटकलं? पुष्कळांच्या बाबतीत आवडलेला गुणच दुसरं नाव घेऊन खटकायला लागला होता. बिनधास्त होता तो बेजबाबदार वाटू लागला, गमत्या होता तो पोरकट. आपल्यापेक्षा फार वेगळा आणि टोकाचा गुण असेल तर हे जास्त घडतं, असंही त्यांना दिसलं. म्हणजे तुझी शंका रास्त आहे. त्यावर उपाय एकच आहे, तो गुण थकलेल्या अवस्थेत बघणं. ऑडिटच्या हंगामात रात्री दहाला घरी आलीस, डोकं दुखतंय, आणि तो बोलतोय. तेव्हा ‘आज मला गप्प बसायचंय’ असं म्हटल्यावर तो काय करतो? रुसतो, की उठून चहा टाकतो? लग्नाआधी सगळं दिसणार नाही, पण याची चुणूक नक्की दिसते. पुढच्या भेटीत एकदा मुद्दाम गप्प राहून बघ. शांततेत त्याला बसता येतं का, ते कळेल.

आणि आता संसाराचं, कारण दादाचा मूळ प्रश्न तोच आहे. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांच्या माहितीवर २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला. माणसं नात्यात कमीजास्त समाधानी असतात, त्यातला सुमारे ६ टक्के फरक त्यांच्या स्वतःच्या स्वभावाशी जोडलेला निघाला. जोडीदाराच्या स्वभावाचा वाटा १ ते ३ टक्के. आणि दोघांचे स्वभाव सारखे असण्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हे आकडे दादाला दाखव. ‘तुमचे स्वभाव जुळतात का’ यापेक्षा ‘त्याचा स्वभाव कसा आहे’ आणि ‘तुझा कसा आहे’ हे प्रश्न जास्त कामाचे. मुलगा मायाळू आहे का, शब्दाला जागतो का, राग आला की किती वेळात खाली येतो? तू स्वतः लहानसहान गोष्टींनी किती अस्वस्थ होतेस? शांत मुलगी आणि बोलका मुलगा, यात धोका काहीच नाही. भडक डोक्याचा मुलगा असेल तर धोका आहे, मग तो बोलका असो की अबोल.

जोडपी मग कशात सारखी असतात? कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये शंभराहून अधिक वर्षांतले १९९ अभ्यास एकत्र पाहिले. राजकीय मतं, धर्माबद्दलची भूमिका, शिक्षण यांत नवरा-बायको बऱ्यापैकी सारखे निघाले. पूर्ण सारखेपणाला १ धरलं तर राजकीय मतांसाठी ०.५८. मिसळण्याच्या स्वभावासाठी फक्त ०.०८. म्हणजे बोलक्या-अबोल जोड्या जगात भरपूर नांदत आहेत. आपल्याकडे जात, शिक्षण, पगार ही चाळण तर भेटीआधीच लागलेली असते. त्यातली जातीची चाळण मला मनापासून नकोशी वाटते, पण तुझ्या प्रश्नापुरतं एवढंच म्हणेन की तुमची पार्श्वभूमी मुळातच बरीच सारखी आहे. चाळणीतून सुटतं ते विचारायला हवं. देवधर्म किती आणि कोणाच्या आग्रहाने? मुलं हवीत का, कधी? लग्नानंतर राहायचं पुण्यात की नाशिकला, आणि नाशिकला तर तुझ्या नोकरीचं काय? सांगलीला बाबांना पुन्हा काही झालं तर तू महिनाभर तिथे जाऊन राहणं त्याच्या घरी चालेल का? हा शेवटचा प्रश्न तू विचारायला कचरशील. तोच आधी विचार.

फिरतीचंही बोल. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर म्हणजे नेमके कसे, सलग की तुटक? दहा वर्षांनीही असंच राहणार की पुढे बसून करायचं काम मिळतं? मूल झाल्यावर? तू शांत आहेस, तुला एकटीला राहायला आवडतही असेल. तरी एकटेपणा निवडणं वेगळं आणि रोज वाट्याला येणं वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ मला पैशांवर द्यावासा वाटतो. ‘हिशेब जमत नाही’ हे वाक्य ऐकून तू हसली असशील, पण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक मुलगा असा असतो, जो पगार झाला की ठरलेली रक्कम घरी आणि एसआयपीत टाकतो आणि उरलेल्याचा हिशेब ठेवत नाही. दुसरा असा, ज्याची क्रेडिट कार्डाची बाकी दर महिन्याला पुढे ढकलली जाते, मित्राला दिलेले पैसे परत आलेले नाहीत आणि फिरतीची बिलं वेळेवर न भरल्याने स्वतःचेच पैसे कंपनीत अडकलेले असतात. दोघंही ‘हिशेब जमत नाही’ असंच म्हणतात. पहिल्याबरोबर तू मजेत राहशील, घरचा हिशेब तू बघशील आणि त्याला ते आवडेलही. दुसऱ्याबरोबर तुझ्यासारख्या मुलीला रात्रीची झोप लागणार नाही. तेव्हा सरळ विचार: कर्ज कोणकोणतं आहे, हप्ता किती जातो, कार्डावर किती बाकी आहे, घरी किती द्यावे लागतात? तुझे आकडेही त्याच्यासमोर ठेव. क्रेडिट स्कोअर दोघांनी एकमेकांना दाखवायला काहीच हरकत नाही. विचारल्यावर तो संकोचला तर घाबरू नकोस, चिडला तर मात्र थांब.

आणि ती वीस मिनिटं. एकदा उशीर कोणालाही होतो, नाशिकहून पुण्याला येणाऱ्याला तर होतोच. पुढच्या तीन भेटींत बघ. दर वेळी गोड माफी आणि दर वेळी उशीर, असं असेल तर ती त्याची सवय आहे आणि लग्नानंतरही राहील. तुला तिच्यासह तो हवा आहे का, एवढंच मग ठरवायचं.

नाशिकच्या मुलाला लगेच होकार देऊ नकोस, नकारही देऊ नकोस. दोन-तीन महिने मागून घे. ‘मुलीला विचार करायला वेळ हवा’ असं बाबांनी त्यांच्या घरी कळवलं तर त्यात कमीपणा काहीच नाही, आणि तेवढा वेळ द्यायला जे कुरकुरतात त्यांच्याबद्दलही त्यातून कळतंच. भेटी मात्र एकाच साच्याच्या नकोत. एकदा हॉटेल झालं. एकदा त्याच्या मित्रांबरोबर भेट, तो चौघांत कसा असतो ते दिसेल. एकदा नाशिकला त्याच्या घरी जा, तो आईशी कोणत्या सुरात बोलतो आणि जेवल्यावर ताट कोण उचलतं ते बघ. एकदा काहीही न ठरवता बाहेर पडा, पाऊस येऊ दे, बस चुकू दे. तुझा शांतपणा त्याला खरंच रुचतो की तो फक्त ऐकणारं माणूस मिळालं म्हणून खूश आहे, तेही तिथे उलगडेल. आणि प्रत्येक भेटीनंतर स्वतःला विचार की मी आज त्याच्यासमोर माझ्यासारखी होते का. पहिल्या भेटीत तू होतीस, म्हणूनच तो तुला ‘माझ्यासारखा’ वाटला, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

पहिल्या मुलाला मात्र अडकवून ठेवू नकोस. त्यांचा होकार आलाय, म्हणजे तिकडे घरी वाट बघणं चालू आहे. दुसरीकडे जमलं नाही तर हा आहेच, असा विचार घरात कोणी बोलून दाखवला तर तिथल्या तिथे थांबव. त्याला पुन्हा भेटायचं नसेल तर याच आठवड्यात बाबांना फोन करायला सांग, आणि पत्रिकेचं किंवा नोकरीच्या ठिकाणाचं खोटं निमित्त पुढे करू नका. ‘मुलगा चांगला आहे, पण मुलीचं मन तयार होत नाही’ एवढं पुरे. जमलं तर तू स्वतःही त्याला दोन ओळींचा मेसेज कर. गच्चीवर तोही तुझ्याइतकाच अवघडलेला होता.

– तुझी ताई